ख्रिस्ती विश्वास, वनस्पतिजन्य आहार आणि सृष्टीची काळजी : सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या मंडळ्यांमध्ये शास्त्राभ्यासाच्या वेळी, तरुण संघात, महिला मंडळात आणि पाळकांच्या गृहभेटीत आहाराविषयी व जनावरांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मी स्वतः वनस्पतिजन्य आहार घेणारा ख्रिस्ती आहे. त्यामुळे उत्तरांमध्ये माझे मत दिसेल. परंतु शास्त्रवचन जेथे त्या मताला आधार देत नाही, तेथे तसे स्पष्ट सांगितले आहे.

पवित्र शास्त्रात मांसाहार निषिद्ध आहे का?

नाही. जलप्रलयानंतर देवाने नोहाला मांस खाण्याची मुभा दिली (उत्पत्ती 9:3), आणि नव्या करारात कोणतेही अन्न माणसाला अपवित्र करू शकत नाही असे प्रभू येशूने सांगितले (मार्क 7:18-19). मांस खाणारा ख्रिस्ती पापी ठरतो असे शिकवणे शास्त्राला धरून नाही. चौथ्या शतकात गंग्रा (आजच्या तुर्कस्तानात) येथे भरलेल्या मंडळीच्या परिषदेने तर मांस खाणाऱ्यांना दोषी ठरवणाऱ्यांचाच निषेध केला होता. पुढील सर्व उत्तरे ही गोष्ट मान्य करूनच लिहिली आहेत.

मग वनस्पतिजन्य आहाराला शास्त्राचा आधार कोणता?

पहिला आधार शास्त्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. उत्पत्ती 1:29-30 मध्ये देव माणसाला बीज देणारी वनस्पती व फळझाडे अन्न म्हणून देतो आणि पशुपक्ष्यांना हिरवा पाला देतो. त्यानंतर लगेच, केलेले सर्व काही 'फार चांगले' आहे असे तो पाहतो. म्हणजे ज्या सृष्टीला देवाने चांगले म्हटले, तिच्यात कोणी कोणाला मारून खात नव्हते. मांसाची मुभा येते ती नवव्या अध्यायात, पृथ्वी जुलमाने भरून गेल्यानंतर आणि प्रलय ओसरल्यानंतर. आणि तेथेही ती दोन गोष्टींच्या मध्ये ठेवलेली आहे. मुभेच्या आधीच्या वचनात सांगितले आहे की यापुढे पशुपक्ष्यांना माणसाची भीती व दहशत वाटेल, आणि मुभेच्या पुढच्याच वचनात रक्तासह मांस खाऊ नये अशी अट आहे, कारण रक्त म्हणजे जीव. त्याच अध्यायात देव जो करार करतो तो केवळ नोहाशी नाही, तर तारवातून बाहेर आलेल्या प्रत्येक सजीवाशी करतो (9:9-10). पुष्कळांच्या नजरेतून ही गोष्ट सुटते.

दुसरा आधार भविष्याकडे पाहणारा आहे. यशया 11:6-9 मध्ये मशीहाच्या राज्याचे जे चित्र आहे त्यात लांडगा कोकराजवळ राहतो, सिंह बैलाप्रमाणे कडबा खातो आणि देवाच्या पवित्र पर्वतावर कोणी उपद्रव करत नाही. आरंभी जे होते आणि शेवटी जे होणार आहे, त्या दोहोंच्या मधल्या काळात आपण जगत आहोत. 'तुझे राज्य येवो' अशी प्रार्थना रोज करणाऱ्या माणसाने आपल्या ताटापुरते तरी त्या राज्याच्या दिशेने जावे, एवढेच माझे म्हणणे आहे. ही सक्ती नव्हे. मिळालेल्या स्वातंत्र्याचा तो एक उपयोग आहे.

दानीएलाच्या पहिल्या अध्यायाचा दाखला मात्र जपून द्यावा. दानीएल व त्याचे मित्र दहा दिवस शाकान्न आणि पाणी यांवर राहिले आणि त्यांचे चेहरे अधिक टवटवीत दिसले, हे खरे. परंतु त्यांचा मुद्दा राजाच्या अन्नाने विटाळू नये हा होता, प्राण्यांविषयीच्या करुणेचा नव्हता.

देवानेच माणसाला प्राण्यांवर सत्ता दिली आहे ना?

दिली आहे. प्रश्न एवढाच आहे की शास्त्र कोणत्या सत्तेला चांगले म्हणते. स्तोत्र 72 मधला चांगला राजा दुबळ्यांना सोडवतो. यहेज्केल 34 मध्ये वाईट मेंढपाळांची खूण सांगितली आहे: ते मेंढरांची चरबी खातात, लोकर पांघरतात, पण आजाऱ्याला बरे करत नाहीत आणि मोडलेल्याला पट्टी बांधत नाहीत. उत्पत्तीच्या दुसऱ्याच अध्यायात माणसाला बागेत ठेवले आहे ते तिची मशागत व राखण करण्यासाठी (2:15). पृथ्वी परमेश्वराची आहे (स्तोत्र 24:1), आपण तिचे कारभारी आहोत, आणि कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो.

प्रभू येशूने मासे खाल्ले, मग आपण का खाऊ नयेत?

त्याने मासे खाल्ले, आणि पुनरुत्थानानंतरही शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला (लूक 24:42-43). गालील समुद्राकाठच्या कोळ्यांमध्ये तो राहिला, त्यांच्या कष्टाचे अन्न त्याने नाकारले नाही. जो ख्रिस्ती उजनी धरणाच्या काठी मासेमारीवर पोट भरतो त्याला या वचनांतून दिलासा मिळायला हवा. परंतु येशूने जे जे केले ते सर्व आपल्यावर बंधनकारक आहे असे आपण एरवी मानत नाही. तो अविवाहित राहिला आणि पायी फिरला, म्हणून आपण तसे करत नाही. त्याने आपल्या स्मरणासाठी जे भोजन मागे ठेवले त्यात भाकर आणि द्राक्षीचा उपज आहे. इब्री लोकांस पत्र सांगते त्याप्रमाणे त्याच्या एकदाच झालेल्या अर्पणाने बैलांचे व बकऱ्यांचे यज्ञ संपले. ज्या यहुदी सणात कोकरू कापून खात त्या वल्हांडणाच्या रात्रीचे ते भोजन होते, तरी मंडळीच्या मेजावर तेव्हापासून कोकरू आलेले नाही.

पौलाने भाजीपाला खाणाऱ्याला 'दुर्बळ' म्हटले आहे. त्याचे काय?

रोमकरांस पत्र 14:2 मध्ये असे म्हटले आहे, आणि ते टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. बाजारातले मांस मूर्तीला अर्पण केलेले असेल किंवा मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे शुद्ध नसेल, या धास्तीने काही जण मांस वर्ज्य करत होते, असा त्या भागाचा अर्थ सामान्यतः लावला जातो. पौल त्यांच्या भीतीला दुर्बळपणा म्हणतो. आज जो प्राण्यांच्या वेदनांचा विचार करून मांस सोडतो, त्याचे कारण भीती नाही. शिवाय पौलाचा तेथला मुख्य आदेश वेगळाच आहे: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. हा आदेश दोन्ही बाजूंनी मोडला जातो, आणि शाकाहारी बाजूने तो जास्त मोडला जातो असे मला वाटते.

नियमशास्त्रात जनावरांविषयी काही आहे का?

पुष्कळ आहे, आणि शेतीच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला ते इतरांपेक्षा लवकर समजते. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये (अनुवाद 25:4). खळ्यावर तिवड्याभोवती फिरणारे बैल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या एका ओळीचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही: जो राबतो त्याने समोरच्या धान्यात तोंड घालावे, हा त्याचा हक्क आहे. विसाव्याचा दिवस बैलाला आणि गाढवालाही आहे (निर्गम 23:12). शत्रूचे गाढव ओझ्याखाली दबलेले दिसले तर त्याला सोडून जाऊ नये, मदत करावी (निर्गम 23:5). म्हणजे मालकाशी असलेले वैर जनावरावर काढायचे नाही. नीतिसूत्रे 12:10 प्रमाणे नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो. योनाच्या पुस्तकाचा शेवट तर देवाच्या प्रश्नाने होतो, आणि त्या प्रश्नात निनवेच्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांबरोबर तिथली गुरेढोरेही मोजलेली आहेत.

बैलाचेच वचन घेऊन पौल करिंथकरांना विचारतो की देवाला बैलांची चिंता आहे काय (1 करिंथ 9:9). तेथे तो सुवार्तिकांच्या मेहनतान्याविषयी बोलत आहे आणि बैलाच्या नियमावरून माणसाचा हक्क सिद्ध करत आहे. बैलाला तो हक्क मुळातच नसता, तर पौलाचा युक्तिवाद उभाच राहिला नसता.

हे वचन आज कोठे लागू होते ते पाहायचे असेल तर गाळप हंगामात साखर कारखान्याच्या गेटबाहेर उभे राहावे. उसाने शीग लागलेल्या गाड्यांची रांग लागलेली असते, जू खाली ठेवल्यावर बैलाचा खांदा दिसतो, आणि अनेकदा तो सुजलेला असतो, केस जाऊन कातडे उघडे पडलेले असते, त्यावर माश्या बसलेल्या असतात. गाडीवान तळहाताने हळद-तेल लावतो आणि पहाटे त्याच खांद्यावर पुन्हा जू ठेवतो, कारण आगाऊ घेतलेली उचल फिटायची असते. दोष एकट्या गाडीवानाचा नाही. तोही त्याच ओझ्याखाली आहे. 1965 च्या केंद्रीय नियमांनुसार ओढकामाच्या जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक जुंपता येत नाही, आणि तापमान 37 अंशांच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात जुंपता येत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात 37 अंश म्हणजे काहीच नाही. 'माझे जू सोयीचे' असे म्हणणाऱ्या प्रभूच्या अनुयायांना हा नियम तरी ठाऊक असायला हवा.

शाकाहाराचा आग्रह म्हणजे जातीच्या सोवळेपणाचाच आग्रह नाही का?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो विचारणाऱ्याचा रोष समजून घेतला पाहिजे. महाराष्ट्रातल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज ज्या समाजांतून आले, त्यांना त्यांच्या अन्नावरून पिढ्यान्‌पिढ्या हिणवले गेले. गावाने मेलेले जनावर ओढायला त्यांनाच लावले आणि ते खाल्ले म्हणून विटाळही त्यांचाच मानला. येशूच्या मेजावर त्यांना प्रथमच कोणी ताट न विचारता बसवले. त्या मेजावर पुन्हा ताटाची चौकशी सुरू करणे म्हणजे सुवार्ता उलटी फिरवणे होय. प्रेषितांची कृत्ये 10 मध्ये पेत्राला दृष्टांतात सर्व प्रकारचे प्राणी दिसले आणि 'मारून खा' अशी वाणी ऐकू आली; त्याचा अर्थ त्याने स्वतःच सांगितला आहे: कोणत्याही मनुष्याला निषिद्ध किंवा अशुद्ध म्हणू नये.

म्हणून वनस्पतिजन्य आहार शुद्धतेसाठी स्वीकारला असेल तर त्याला ख्रिस्ती म्हणता येणार नाही. तो दयेसाठी स्वीकारता येतो, आणि दयेला कोणाच्या स्वयंपाकघरात डोकावण्याची गरज नसते. भाड्याने घर देताना 'नॉनव्हेज चालणार नाही' म्हणणाऱ्या घरमालकाच्या बाजूने मी नाही. महाराष्ट्रात 2015 मध्ये गोवंशहत्याबंदी बैल व वळू यांनाही लागू झाली. त्यातून खाटीक कुटुंबांचा धंदा गेला, भाकड जनावर पोसण्याचा बोजा लहान शेतकऱ्यावर आला, आणि त्या जनावरांच्या पोटाची सोय मात्र कायद्याने केली नाही. कायद्याच्या दंडुक्याने घडवलेला आहार आणि मनाने निवडलेला आहार यांची गल्लत करू नये.

उलट बाजूही आहे. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, तरी शाकाहार सोडला नाही, आणि तेथील धर्मभगिनींना ते खटकले. खरा ख्रिस्ती व्हायचे तर मांस खाऊन दाखवावे लागते, ही अपेक्षा आपल्याकडेही कधीकधी असते. सोलापूर-पुणे लोहमार्गावरील केडगाव येथे रमाबाईंनी निराधार स्त्रियांसाठी उभे केलेले मुक्ती मिशन पाहिल्यावर त्यांच्या विश्वासाची परीक्षा ताटावरून घ्यावी असे कोणाला वाटणार नाही.

दूध तर चालते ना? त्यासाठी जनावर मारले जात नाही.

पंढरपुरी म्हैस ही याच जिल्ह्याची ओळख आहे आणि दुधाच्या पैशावर कितीतरी घरांतली मुलांची शिक्षणे होतात, त्यामुळे हे उत्तर सावधपणे द्यावे लागते. दुधासाठी म्हैस दर वेळी व्यायला हवी, आणि जन्मलेल्या रेडकांपैकी सुमारे निम्मी नर असतात. नर रेडकाला बाजारात किंमत नाही. त्याला पुरेसे पाजले जात नाही, आणि ते काही आठवड्यांत आपोआप जाते. 'आपोआप' हा शब्द गोठ्यात वापरला जातो, पण सर्वांना खरे माहीत असते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या उबवणी केंद्रांत नर पिलांचे असेच होते, फक्त तेथे ते पहिल्याच दिवशी होते.

लूक 12:6 मध्ये येशू म्हणतो की दोन दमड्यांना पाच चिमण्या विकतात, तरी त्यांच्यापैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही. मत्तयात एका दमडीला दोन चिमण्या आहेत. हिशेब केला तर पाचवी चिमणी फुकट दिलेली आहे. देव तिलाही विसरत नाही. गोठ्यातले नर रेडकू ही ती पाचवी चिमणी आहे असे मी मानतो, आणि म्हणून मी दूध सोडले आहे. ज्याला ते शक्य नाही त्याने निदान रेडकाला पोटभर पाजणाऱ्या ओळखीच्या घरचे दूध घ्यावे.

आहार बदलल्याने पर्यावरणाला खरोखर काही फरक पडतो का?

पडतो, पण सगळीकडे सारखा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2013 मध्ये जगातील मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी 14.5 टक्के वायू पशुपालनातून येतात असा अंदाज दिला होता. 2023 च्या तिच्या अहवालात तो सुमारे 12 टक्के आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून मिथेन बाहेर पडतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी उष्णता धरून ठेवतो. मात्र आपल्याकडची गाय कडबा, पेंड आणि बांधावरचे गवत खाते. माणसाच्या तोंडचे धान्य ती फारसे खात नाही. ब्रॉयलर कोंबडी मात्र मका व सोयाबीन खाते, आणि त्या पिकांना जमीन व पाणी लागते.

येथे सोलापूरकर शाकाहाऱ्याने स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. ऊसही वनस्पतीच आहे. वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात साखर कारखान्यांची जी दाटी झाली आहे, तिने उजनीचे आणि विहिरींचे पाणी ओढून घेतले. चहात दूध न घालणारा माणूस दोन चमचे साखर घालत असेल, तर त्याने ज्वारीच्या रानाचाही विचार करावा. लेवीय 25 मध्ये सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा असे सांगितले आहे; बारमाही उसाखाली क्षारपड झालेली जमीन पाहिली की त्या आज्ञेतले शहाणपण लक्षात येते.

हा आहार श्रीमंतांचा नाही का? आणि त्यातून पोषण मिळते का?

बदामाचे दूध आणि डबाबंद 'व्हेगन' पदार्थ महाग आहेत, त्यांची गरज नाही. दामाजीपंतांच्या मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, जिला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिची भाकरी, डाळकांदा, हुलग्याचे शेंगोळे, मटकीची उसळ, अंबाडीची भाजी आणि शेंगांची चटणी हे रोजचे जेवण पूर्ण आहे. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असते, ते डाळीतून मिळते. म्हणून भाकरीबरोबर डाळ हवीच, नुसत्या चटणीवर भागवू नये. कॅल्शियमसाठी तीळ, नाचणी, राजगिरा आणि शेवग्याचा पाला आहे. पालेभाजीवर लिंबू पिळल्याने लोह अधिक शोषले जाते.

बी-12 जीवनसत्त्वाच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. ते वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. दूधही सोडले असेल तर गोळी घ्यावीच लागते. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता व लहान मुले यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नये. केवळ प्रार्थनेवर विसंबून रक्तक्षय अंगावर काढणे हा विश्वास नव्हे.

मंडळीच्या इतिहासात हे कोणी आचरले आहे का?

होय. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीत आजारी नसलेल्या मठवासीयांना चार पायांच्या प्राण्यांचे मांस वर्ज्य आहे. इथिओपियाच्या प्राचीन ऑर्थोडॉक्स मंडळीत बुधवारी, शुक्रवारी आणि लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या, संपूर्ण काळात मांस, दूध व अंडी काहीच घेत नाहीत. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी 1863 मध्ये संघटित झाली तेव्हापासून शाकाहाराला उत्तेजन देत आली आहे. मुक्तिफौजेचे (साल्व्हेशन आर्मीचे) दुसरे जनरल ब्रॅमवेल बूथ शाकाहाराचे पुरस्कर्ते होते. लंडनमध्ये 1824 साली प्राणिक्रूरता रोखण्यासाठी जी पहिली संस्था निघाली, तिच्या मुळाशी आर्थर ब्रूम हे पाळक होते आणि गुलामगिरीविरुद्ध लढणारे विल्यम विल्बरफोर्स तिच्या संस्थापकांत होते. हे लक्षात घेण्याजोगे आहे: माणसांच्या बेड्या तोडणाऱ्यांनाच जनावरांचे हाल दिसले.

लेंटमध्ये सुरुवात करावी का?

जरूर करावी. राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवस अनेक घरांत मांस तसेही होत नाही. फक्त मटणाऐवजी पनीर मसाला आणून उपवास साजरा करू नये. वाचलेले पैसे बाजूला ठेवून गरजूला द्यावेत, म्हणजे भुकेल्याला अन्न देण्याचा यशया 58 मधला उपवास घडेल.

नाताळ, प्रीतिभोजन आणि कापणीचा सण यांचे काय करावे?

प्रीतिभोजनाला मटणच हवे असा मंडळीचा आग्रह असेल तर वाद घालू नये. एक पातेले डाळ-भाताचे वेगळे ठेवावे आणि ते चविष्ट करावे. पुढल्या वर्षी ते आधी संपते.

कापणीच्या सणाविषयी मात्र मी आग्रहाने बोलेन. ज्वारीची कणसे, पपई, नारळ यांबरोबर भाविक कोंबड्याही आणतात. लिलावाच्या वेळी कोंबडीचे पाय सुतळीने बांधून तिला उलटी धरतात आणि बोली वाढेपर्यंत रांगांमधून फिरवतात. तिची चोच उघडी असते, पंख लोंबलेले असतात, आणि मुले हे पाहत असतात. 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंध कायद्यात अनावश्यक वेदना होईल अशा रीतीने प्राणी वाहून नेणे हा गुन्हा आहे. पण उपासनागृहात कायद्याची आठवण द्यावी लागू नये. कोंबडी हवेशीर टोपलीत, सावलीत, पाण्याच्या वाटीजवळ ठेवावी आणि बोली तिच्या नावाने लावावी. अर्पणात काही कमी होत नाही.

प्राणी स्वर्गात जातात का?

शास्त्र याचे थेट उत्तर देत नाही. रोमकरांस पत्र 8:19-22 एवढे सांगते की सर्व सृष्टी कण्हत आहे आणि तीही नाशाच्या दास्यातून मुक्त होईल या आशेवर आहे. माझ्यासाठी तेवढे पुरे आहे.

माळढोकाचा आणि आमच्या विश्वासाचा काय संबंध?

नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 पासून आहे, आणि शब्बाथ शाळेच्या मुलांना तेथे न्यायला सोलापूरहून फार वेळ लागत नाही. माळढोक उघड्या माळावर, जमिनीवरच, बहुधा एकच अंडे घालतो. माळराने नांगरली गेली, वीजवाहक तारा आल्या, मोकाट कुत्री वाढली, आणि तो पक्षी येथे जवळजवळ दिसेनासा झाला. अनुवाद 22:6-7 मध्ये आज्ञा आहे की वाटेत झाडावर किंवा जमिनीवर घरटे आढळले तर पिलांवर बसलेल्या आईला धरू नये. तीन हजार वर्षांपूर्वीच्या नियमशास्त्राने जमिनीवरचे घरटेसुद्धा आठवणीने घातले आहे. मुलांना ते वचन नान्नजच्या माळावर उभे करून वाचून दाखवावे. काळवीट तरी नक्की दिसतात, आणि नशीब असेल तर लांडगाही.

रस्त्यात जखमी जनावर दिसले तर काय करावे?

मोठे जनावर स्वतः उचलू नये, ओढू नये. त्याला सावली करावी, शुद्धीवर असेल तर पाणी ठेवावे, गर्दी हटवावी आणि पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठी 1962 या निःशुल्क क्रमांकावर कळवावे; लागून असलेला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना उघडा असेल तर तेथेही कोणाला तरी पाठवावे. मालक सापडला तर त्याच्यावर ओरडू नये, कारण उपचार होईपर्यंत त्याची मदत लागते. शब्बाथाच्या दिवशी बैल विहिरीत पडला तर तुमच्यापैकी कोण त्याला लगेच वर काढणार नाही, असे प्रभूने विचारले होते (लूक 14:5). रविवारच्या उपासनेला त्यामुळे उशीर झाला तर पाळकसाहेबांना कारण सांगावे.